काटा पिटात, दिवा ट्रॅकवर

बाळा, एस्टीमच्या आतलं सगळं उपसून काढलंस, रोल केज बसवलास आणि आता डॅशबोर्डावर सात मीटर लावायचे म्हणतोस. फोटोत झकास दिसतील. पण आधी एक हिशेब कर. ताशी १५० किलोमीटरला गाडी एका सेकंदात चाळीस मीटरहून जास्त पुढे जाते. सात काट्यांवरून नजर फिरवायला दोन सेकंद घेतलेस, तर ऐंशी मीटर रस्ता तू पाहिलाच नाहीस. वळणाच्या तोंडाशी कोणी मीटर वाचत नाही, वाचतो म्हणणारा थापा मारतो. मीटरचं काम पिटात, पहिल्या सावकाश फेरीत, आणि फार तर लांब सरळ रस्त्यावर एका कटाक्षापुरतं. ट्रॅकवर इंजिन वाचवतो तो दिवा. म्हणून पैसे आधी दिव्यांवर घाल, उरले तर मीटरवर.

दिवा तर कंपनीनेच दिलाय, असं म्हणशील. तो लागतो कधी ते बघ. ऑइलचा कंपनी स्विच साधारण चार ते सात पौंडांना जुळतो. (पौंड म्हणजे पीएसआय, टायरला हवा भरताना म्हणतो तेच.) बाजारहाटाच्या गाडीला ते पुरतं. ऑइल संपलं किंवा पंप मेला, एवढंच सांगायची त्याची जबाबदारी. तुझं इंजिन मात्र सहा हजार आरपीएमला फिरणार. दर हजार आरपीएमला दहा पौंड हा जुना ठोकताळा. इंजिनाच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर ठोकताळा सोडून दे. दाब पन्नासवरून पंधरावर कोसळला तरी कंपनीचा दिवा गप्पच राहील. सहा हजारांना क्रँक सेकंदाला शंभर फेरे घेतो. दोन सेकंद ऑइलविना म्हणजे कोरडे दोनशे फेरे. सात पौंडांवर दिवा पेटेल तोवर बिग एंडची बेअरिंग बोलायला लागलेली असेल.

तेव्हा कंपनीचा स्विच राहू दे आणि सोबत दुसरा जोड, वीस-पंचवीस पौंडांना लागणारा. ठरावीक दाबाचे मिळतात, स्क्रूने जुळवायचेही मिळतात. गरम इंजिन आयडलवर असलं की हा दिवा लुकलुकेल. त्या लुकलुकीला कंटाळून लोक स्विच दहा पौंडांवर आणून ठेवतात. तू आणू नकोस. आयडलला लागणारा दिवा म्हणजे बल्ब, वायर आणि स्विच तिन्ही शाबूत असल्याची फुकटची पावती.

ही पावती का हवी, ते सांगतो. ऑइलचा स्विच दाब पडला की वायरला बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो. वायर निसटली तर? दिवा लागणारच नाही. म्हणजे तुटलेली वायर आणि निरोगी इंजिन, दोन्ही डॅशबोर्डावर सारखीच दिसतात. यावर उपाय एकच. किल्ली फिरवल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, ऑइलचे दोन्ही लाल दिवे लागले पाहिजेत. एक जरी लागला नाही तरी गाडी पिटातून हलवायची नाही, मग मागे रांगेतले कितीही हॉर्न वाजवोत.

आता लांब वळणातली गोष्ट. टायरची पकड चांगली असली की गाडी वळणात जास्त वेळ एका अंगाला ताणलेली राहते. ऑइल चेंबरच्या एका भिंतीवर चढतं, तळातली गाळणी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. दाब क्षणभर कोसळतो, गाडी सरळ झाली की परत येतो. एवढ्यात काटा धड खाली पोचतही नाही, आणि पोचला तरी तुझी नजर वळणाच्या आतल्या कडेवर असते. दिवा मात्र चमकतो. दर फेरीला त्याच वळणात, त्याच जागी चमकला, तर स्विच खराब असेल म्हणून सोडून देऊ नकोस. पिटात ये, ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला आहे का बघ, आणि घरी परतल्यावर चेंबर उतरवून आत आडवे पत्रे (बॅफल) वेल्ड करून घे, म्हणजे ऑइल गाळणीभोवती अडून राहील. कोइम्बतूरजवळच्या करी स्पीडवेची लांबी २.१ किलोमीटर, वळणं मागोमाग; मद्रासच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर ३.७ किलोमीटरच्या फेरीत वेग जास्त वेळ टिकतो. एका ठिकाणी गप्प असलेला दिवा दुसरीकडे चमकू शकतो. कोल्हापुरात बायपासवर फिरवून बघितलं, काही झालं नाही, याला काही अर्थ नाही.

मीटर तीनच लाव: ऑइलचा दाब, ऑइलचं तापमान, पाण्याचं तापमान. जागा उरली तर व्होल्टमीटर. बूस्टचा मीटर टर्बोवाल्याला, तुझ्या १.३ लिटरला नाही. अँपिअर मीटर कोणी फुकट दिला तरी घेऊ नकोस. त्यातून गाडीचा सगळा करंट जातो, म्हणजे जाडजूड वायर बॅटरीकडून केबिनमध्ये आणावी लागते आणि ती कुठे घासली तर आग. व्होल्टमीटरची वायर बारीक, आणि कळतं तेवढंच. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं की अल्टरनेटर ठीक.

खरेदी करताना मीटर आणि त्याला इंजिनाकडून माप पाठवणारा सेंडर एकाच कंपनीचे, एकाच जोडीचे घे. व्हीडीओ कंपनीच्या नेहमीच्या ऑइल सेंडरचा रेझिस्टन्स शून्य दाबाला १० ओहम, पूर्ण दाबाला १८०. अमेरिकन पद्धतीचे सेंडर बहुधा उलटे चालतात, २४० वरून खाली ३३ वर. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला लावलास तर इंजिन बंद असताना काटा टोकाला आणि दाब वाढला की खाली. सेंडरवर दोन टर्मिनल असतील तर जी लिहिलेलं मीटरला आणि डब्ल्यूके लिहिलेलं दिव्याला. त्यातल्या दिव्याचा स्विच किती दाबाला लागतो हे घेतानाच विचार. बहुतेकांचा कंपनीच्या स्विचसारखाच खालचा असतो आणि मग आपलं दुखणं जिथल्या तिथे.

यापुढचा घोळ आट्यांचा. जपानी इंजिनांवर ऑइल स्विचचं भोक बहुधा १/८ बीएसपीटी आट्यांचं, इंचाला २८ आटे. बाजारातले पुष्कळ सेंडर १/८ एनपीटीचे, इंचाला २७. दोन्ही हातात सारखेच दिसतात आणि दीड-दोन फेरे सहज जातातही. मग घट्ट होतात. मेकॅनिक म्हणतो, बसला. पाना लावला की अॅल्युमिनियमचे आटे गेले किंवा ब्लॉकला चीर पडली. सेंडर हाताने तीन-चार फेरे गेलाच पाहिजे, न गेल्यास तिथेच थांब. जुना स्विच आणि नवा सेंडर दोन्ही घेऊन उद्यमनगरात चांगल्या लेथवाल्याकडे जा आणि मधला जोड बनवून घे, पितळी नको, स्टीलचा. आट्यांची मापं डोळ्याने नाही, गेजने बघ.

जोड तयार झाला की लोक त्यावर टी लावतात, टीच्या एका तोंडाला कंपनीचा स्विच, दुसऱ्याला तो डबीएवढा जड सेंडर, आणि सगळा गोतावळा ब्लॉकवर लोंबकळत सोडतात. रस्त्यावर वर्षभर टिकतो. ट्रॅकवर चार सिलिंडरचं इंजिन लाल रेषेशी थरथरत असतं, सेंडरचं वजन टोकाला झुलत राहतं आणि मान तुटते. तुटली की पन्नास पौंडांनी गरम ऑइल बाहेर, समोर लाल झालेला एक्झॉस्ट. तेव्हा ब्लॉकमधून स्टीलची जाळी असलेला छोटा होज काढ, सेंडर आणि स्विच दोन्ही फायरवॉलवर क्लॅम्पने घट्ट बसव. मात्र एक लक्षात ठेव: एका टर्मिनलचा सेंडर आपल्या अंगातूनच अर्थ घेतो. फायरवॉलला रंग आहे, क्लॅम्पला रबर आहे, मग अर्थ कुठून मिळणार? त्याच्या अंगाला स्वतंत्र अर्थ वायर दे. हीच अडचण टेफ्लॉन टेपची. आट्यांवर पाच वेढे गुंडाळले की गळती थांबते आणि अर्थही. शिवाय टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत गेला तर आणखी भानगड. पातळ सीलंट घे, पहिले दोन आटे कोरडे सोड, उरलेल्यांना पुसटसा हात लाव.

पाइपने गरम ऑइल थेट मीटरपर्यंत आणणारे जुन्या पद्धतीचे मीटर अचूक असतात, हे खरं. पण केबिनमध्ये तुझ्या मांडीजवळ उकळत्या ऑइलचा पाइप मला चालणार नाही. पेट्रोलची लाइन तर मीटरसाठी कधीच आत आणायची नाही, त्यावर चर्चाही नको.

ऑइलचं तापमान कुठे मोजतोस त्यावर आकडा बदलतो. कूलर लावणार असशील तर कूलरच्या आधीचं आणि नंतरचं तापमान बरंच वेगळं असतं. मोजायचं ते चेंबरमधलं. काहीजण खालच्या नटच्या जागी सेन्सरवाला नट घालतात. सोपं आहे, पण तो चेंबरच्या खाली निघतो आणि कर्बवर गाडी घासली की पहिला तोच जातो. चेंबर बॅफलसाठी उतरवशीलच, तेव्हा बाजूच्या भिंतीवर नट वेल्ड करून घे. फिल्टरखाली सँडविच प्लेट घालणार असलास तर फिल्टर त्या जाडीइतका खाली येतो, कशाला टेकत नाही ना ते बघ, आणि पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर मधला बोल्ट पुन्हा ताण. ऐंशी अंशांच्या आत इंजिन ओढू नकोस, ९० ते ११० मध्ये ऑइल आनंदात असतं, १२० ला वेग उतरव, १३० म्हणजे पिटात.

पाण्याच्या बाबतीत कंपनीच्या काट्यावर विसंबू नकोस. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, नाहीतर घाट चढताना गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटरला येईल. तो हलायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. नवा सेंडर इंजिनातून पाणी बाहेर पडतं तिथे, हेडजवळ बसव. ईसीयूच्या सेन्सरची जागा घेऊ नकोस आणि त्याच्या वायरला टाचणीसुद्धा टोचू नकोस. तो पाच व्होल्टांवर चालतो, त्याला मीटर जोडलास तर ईसीयूला इंजिन भलतंच गरम किंवा थंड वाटेल. वरच्या होजमध्ये अॅल्युमिनियमचा जोड घालून सेंडर बसवलास तर दोन्हीकडे रबर, तेव्हा परत तेच: जोडाला अर्थ वायर. आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्या होजमध्ये गरम पाणी नीट येत नाही, तोवरचा आकडा मनावर घेऊ नकोस.

पण पाण्याचा सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच. होज फुटला आणि पाणी निघून गेलं, तर सेंडर उघडा पडतो. आता त्याच्याभोवती वाफ आणि हवा. काटा वर जाण्याऐवजी सावकाश खाली येतो, आणि ड्रायव्हरला वाटतं वाऱ्याने गाडी थंड झाली. अशा वेळी हेड वाकडं व्हायला एक फेरी पुरते. तापमानाच्या मीटरला हे कधीच कळणार नाही, कारण तो पाणी मोजतो आणि पाणीच नाही. म्हणून पाण्याच्या दाबाचा स्विच लाव, चार-पाच पौंडांचा. इंजिन थंड असताना दिवा लागलेला असेल, तापलं की विझेल. नंतर पुन्हा लागला तर कुठेतरी गळतंय. एस्टीमच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पातळीचा सेन्सर घालून उपयोग नाही, ती बाटली दाबाखाली नसते. रेडिएटर रिकामा झाला तरी बाटलीत पाणी राहू शकतं. सोबत १०५ अंशांना लागणारा तापमानाचा दिवाही असू दे.

वायरिंगमध्ये मी कोणाचं ऐकत नाही, तूही ऐकू नकोस. मीटरना वीज इग्निशनवर चालणाऱ्या एका लाइनवरून, तिच्या उगमापाशीच तीन अँपिअरचा फ्यूज. दिव्यांसाठी वेगळा फ्यूज, म्हणजे मीटर जळाला तरी दिवे जिवंत. सगळ्या मीटरचा अर्थ एका बोल्टवर, रंग खरवडून, आणि त्या बोल्टवरून इंजिन ब्लॉकपर्यंत एक जाड वायर. हेडलाइट लावला की ऑइलचा काटा हलला, पंखा लागला की पाणी पाच अंशांनी वाढलं, असलं काही दिसलं तर मीटर बदलायला धावू नकोस. अर्थ कच्चा आहे. सेंडरची वायर प्लगच्या वायरपासून आणि डिस्ट्रिब्युटरपासून लांबून ने. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. टोकांना चांगल्या पक्कडीने लग दाबून घे. सोल्डरचा डाग मजबूत वाटतो, पण डाग जिथे संपतो तिथे वायर ताठर होते आणि थरथरीने तिथेच तुटते. इन्सुलेशन टेप उन्हात पाघळते, हीटश्रिंक वापर. जोडाजवळ वायरचा छोटा वेटोळा सोड आणि प्रत्येक टोकाला नाव लिही. इरुंगाट्टुकोट्टैच्या पिटात, घरापासून नऊशे-हजार किलोमीटरवर, अंधार पडताना नावं नसलेल्या चार काळ्या वायर हातात आल्या की माणूस देवाचं नाव घेतो.

चार्जिंगच्या दिव्याला एलईडी लावायची हौस पुष्कळांना असते. थांब. त्या साध्या बल्बमधून जाणारा करंट अल्टरनेटरला जागं करतो. एलईडीतून तेवढा जात नाही, आणि अल्टरनेटर चार्जच करत नाही, किंवा इंजिन खूप फिरवल्यावर उठतो. एलईडीच हवी तर तिच्या शेजारी समांतर ५६ ओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर लाव. नाहीतर तीन वॉटचा बल्ब राहू दे, त्याने काही बिघडत नाही.

दिवे कुठे लावायचे? आरपीएमच्या काट्याशेजारी, स्टीअरिंग सरळ असताना आणि वळलेलं असताना दोन्ही वेळा दिसतील असे. हेल्मेट घालून, पट्टे आवळून बस आणि मग जागा ठरव. रिकाम्या सीटवर वाकून ठरवलेली जागा हेल्मेटच्या कडेआड जाते. दुपारी बारा वाजता उन्हात गाडी उभी करून पेटवून बघ. दिसला नाही तर मोठा लाव, वर काळ्या पत्र्याची झापड कर. लाल रंग फक्त "आत्ता थांब" यासाठी. हाय बीम, पंखा, पंप चालू असल्याचे हिरवे-निळे दिवे एस्टीममध्ये नकोतच, पंचमीच्या जत्रेसारखा डॅशबोर्ड झाला की खरा दिवा त्यात हरवतो.

मीटर बसवताना घड्याळासारखा सरळ बसवायचा हट्ट सोड. तो त्याच्या भोकात असा फिरव की सगळं ठीक असताना काटा बाराच्या जागी उभा राहील. आकडे तिरपे दिसतील, दिसू देत. तिन्ही काटे उभे दिसले की ठीक, एक कललेला दिसला की तोच बघायचा. शर्यतवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

गाडीत बसवण्याआधी सेंडरची परीक्षा घे. पाण्याचा सेंडर पातेल्यात दोऱ्याने टांग, अंगाला अर्थ वायर लाव, मीटर बॅटरीला जोड आणि पाणी उकळव. शेजारी चांगला थर्मामीटर धर. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. मीटरने १०० दाखवलं तर तो दोन अंश पुढे आहे, हे वहीत लिही. सेन्सर तळाला टेकू देऊ नकोस, तळ जास्त गरम असतो. आणि मामीचं दुधाचं पातेलं घेऊ नकोस. ऑइलचा सेंडर आणि स्विच तपासायला टी लावून चाचणीपुरता पाइपचा मीटर जोड, बॉनेट उघडं ठेवून दोन्ही आकडे ताडून बघ. स्विच खरोखर किती पौंडांना लागतो, तेही तिथेच कळेल. डबीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नकोस.

दिवा लागला तर काय करायचं हे गाडीत बसण्याआधीच ठरलेलं असावं. ऑइलचा लाल दिवा चालू वेगात लागला आणि राहिला: क्लच दाब, किल्ली एक टप्पा मागे, गाडी घरंगळत ट्रॅकच्या कडेला, मार्शलला हात. किल्ली पूर्ण काढायची नाही, स्टीअरिंग लॉक होईल. "एवढी फेरी पूर्ण करतो" याची किंमत नवा क्रँक, बेअरिंग आणि कदाचित ब्लॉक. पाण्याच्या दाबाचा दिवा लागला तर अॅक्सिलेटर सोड, हीटर काढला नसशील तर पूर्ण उघड, आणि सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद कर. रेडिएटरचं झाकण अर्ध्या तासाच्या आत उघडायचं नाही. तापमानाचा दिवा एकटाच लागला, दाब ठीक आहे, तर वेग उतरवून वरच्या गिअरमध्ये पिटापर्यंत येता येतं. मित्राला गाडी चालवायला दिलीस तर हे त्यालाही सांग, आणि त्याच्याकडून म्हणवून घे.

काट्यांचं खरं काम यानंतर सुरू होतं. सेशन संपलं, सावकाश फेरी झाली, पिटात आलास की इंजिन बंद करण्याआधी वहीत लिही: तारीख, ट्रॅक, हवेचं तापमान, ऑइल किती अंशांना, आयडलला दाब किती, तीन हजारांना किती. दरवेळी त्याच तापमानाला, त्याच आरपीएमला. तीन हजारांना १०० अंशांवर आज ४२ पौंड, पुढच्या वेळी ४१, त्यानंतर ३६, तर ऑइल बदलून बघ. तरीही ३६ च असेल तर चेंबर उतरव आणि बेअरिंग काढून बघ. पाणी कमी झालं तर किती टाकलं तेही लिही, कपाने मोजून. वही गाडीत ठेवू नकोस, टूलबॉक्समध्ये ठेव, पेन्सिल दोऱ्याने बांधून. पेन ट्रॅकवर कोणीतरी मागून नेतं आणि परत देत नाही.